जवायाच्या कोंबड्या

थंडीच्या दिवसांत आमच्या गावात संध्याकाळी कोणी घरात नसतं. धान निघून कोठीत पडलेलं असतं, कामाची घाई सरलेली असते, आणि दिवस कलला की दोन-चार घरं मिळून एक शेकोटी पेटवतात. पुरुष तिच्याभोवती बसतात, बाया अंगणात काही निवडत, सोलत असतात. कोंबड्या घरी आणायची वेळही नेमकी तीच. सूर्य बुडाल्यावर आणि अंधार पडायच्या आधी. त्या एका हिवाळ्यात मी रोज हातात कनकीचा, म्हणजे तुकडा तांदळाचा, डबा घेऊन शेजारच्या दारात "टी टी टी टी" करत फिरलो. मान वर करून फिरलो असं एकाही संध्याकाळी झालं नाही.

आमच्या गावात म्हणालो खरा, पण गाव माझं नाही, बायकोचं आहे. मी पोंभुर्ण्याकडचा. बारावीनंतर चंद्रपूरच्या बाजूला एका कंपनीच्या गोदामात कंत्राटावर लागलो होतो आणि त्याच जोरावर लग्न झालं होतं. पुढे ठेकेदार बदलला, नव्याने आपली माणसं आणली आणि आम्हाला घरी बसवलं. गावचं घर भावाकडे होतं आणि त्याच्याच संसाराला ते अपुरं पडायचं. तेवढ्यात धानोऱ्याकडून फोन आला, की सासरे बांधावरून घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. बायको त्यांची एकुलती एक. थोडे दिवस जाऊन राहू, म्हणून आम्ही दोन बॅगा भरून निघालो. मग रोवणी आली, निंदण आलं, कापणी आली. केव्हातरी सासूबाईंनी त्या रिकाम्या बॅगा झाडून पुसून माळ्यावर टाकल्या. मी ते पाहिलं.

घरजावई हा शब्द त्या घरात कोणाच्या तोंडून निघाला नाही. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. ते मला जवाई म्हणत, अहो-जाहो करत. जेवायला बसलो की पहिलं ताट माझ्यापुढे यायचं, दूध कमी असलं तरी चहा मला दुधाचा. हे सगळं पाहुण्याला शोभणारं होतं आणि मी पाहुणा राहिलो नव्हतो. त्या पहिल्या ताटाची मला जितकी लाज वाटायची, तितकी कोणी टाकून बोललं असतं तरी वाटली नसती. टाकून बोलायला बाहेरचे लोक होते. दुकानात काडीपेटी घ्यायला गेलो की कोणीतरी हसत विचारायचं, "काय जवाई, मुक्काम वाढला जनू?"

घरात आपलं असं काही असावं, एवढ्यासाठीच मी पिल्लं आणली. सासूबाईंच्या कोंबड्या आदल्या वर्षी मानमोडीत एकजात मेल्या होत्या, जुनं खुराडं मोडून पडलं होतं. धानोऱ्याच्या बाजारात एक गाडीवाला सुधारित जातीची पिल्लं विकायला यायचा. त्याच्याकडून खोकाभर पिल्लं घेतली आणि सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीच्या कोपऱ्यात, बल्बच्या उबेला ठेवली. लस पाजली, पाणी बदललं, मांजरापासून राखली. मोबाइलवर कोंबडीपालनाचे व्हिडिओ पाहून पाहून मी घरात त्या विषयाचा जाणकार झालो. पिल्लं जगली. अंगावर पिसं भरली, पाय लांबले, रात्री टोपल्याखाली मावेनाशी झाली. सपरीत वास यायला लागला.

खुराडं मी बांधणारच होतो. पण एका सकाळी मामाजी काठी टेकत घरामागच्या वाडीत गेले, पोतं अंथरून बसले आणि बांबू चिरायला लागले. पडल्यापासून त्यांनी हातात कोयता घेतला नव्हता. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तुम्ही बसा जी. हे माह्यं काम हाये."

एके काळी गावातले बंड्यांचे, म्हणजे बैलगाड्यांचे, साटे, नांगर, कणग्या त्यांच्या हातच्या असत. पंच म्हणून लोक त्यांना भांडणतंट्यातही बोलवायचे. पाय मोडल्यावर ते सगळं थांबलं होतं. पुष्कळ दिवस ते त्या खुराड्यापाशी बसून होते. खाली दगडाचा पाया, त्यावर बांबूचा दाट कूड, आतून-बाहेरून मातीचा जाड गिलावा, वर फाटे टाकून कवेलू, म्हणजे कौलं. दाराला खालून वर सरकणारी सागाची फळी. मुंगी शिरायला फट ठेवली नाही. आमच्याकडे बिबट गावालगत फिरतो, साप निघतात, रानमांजर येतं. त्या सगळ्यांचा विचार करून त्यांनी ते बांधलं होतं. शेवटी चुना लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाडीत नेऊन दाखवलं. "जवायाच्या कोंबड्यासाठी केलं," असं ते प्रत्येकाला सांगत होते. त्या घरात माझ्यासाठी मुद्दाम तयार झालेली ती पहिली वस्तू.

पहिल्या संध्याकाळी मी, बायको, सासूबाई वाडीत उभे होतो आणि मामाजी पिढ्यावर, म्हणजे बुटक्या बैठकीवर, बसले होते. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, दिवसभर वाडीत चरल्या होत्या. मी खुराड्याच्या दारात कनकी टाकली. त्या आल्या, टिपून खाल्लं, आत एकदा वाकून पाहिलं आणि माघारी फिरल्या. मग एक कुंपणावर चढली. तिच्यामागे दुसरी. आणि बघता बघता सगळ्या पलीकडे, शेजारच्या बाईंच्या शेवग्यावर आणि त्यांच्या शेळ्यांच्या कोठ्यावर, म्हणजे गोठ्याच्या छपरावर, जाऊन बसल्या. मोठी कोंबडी सोबत असती तर पिल्लं तिच्यामागे आत गेली असती. यांना दाखवणारं कोणी नव्हतं.

शेजारच्या बाई एकट्या राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी देसाईगंजकडे दिलेली. चार-पाच शेळ्या, थोडं धान आणि आरशासारखं सारवलेलं अंगण, हा त्यांचा संसार. त्या दिवशी त्यांनी लाखोळीच्या डाळीच्या वड्या खाटेवर वाळत टाकल्या होत्या. खाट शेवग्याखालीच होती. कोंबड्या वर बसल्या की काय होतं, ते सांगायला नको.

मी शिडी घेऊन त्यांच्या वाडीत गेलो. शेकोटी तिथून दिसेल एवढ्याच अंतरावर होती. मी चढलो की कोंबड्या वरच्या फांदीवर जायच्या, शेवग्याची फांदी माझ्या वजनाने कडकडायची, खालून बाई वड्यांची खाट ओढत म्हणायच्या, "जपून जी जवाई." शेकोटीवरून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "जवायाले घर सापडलं, पन कोंबड्याईले नाई सापडून राह्यलं." सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे, गंमत म्हणून हसले. पण मी शेवग्याच्या फांदीला मिठी मारून होतो आणि कुंपणापलीकडे माझी बायको उभी होती. तिनेही ते ऐकलं होतं. शेवटची कोंबडी हाती लागेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मी एकेक तिच्याकडे द्यायचो आणि ती कुशीत धरून खुराड्यात नेऊन सोडायची. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

रात्री ती म्हणाली, "उद्यापासून मी जाईन आणायले."

"कशाले?"

"मले कोणी काही म्हणत नाई. माह्यं गाव हाये."

तिने चांगल्या मनानेच म्हटलं. पण मला ते झोंबलं. मीच जाणार, असं मी ताडकन म्हणालो.

व्हिडिओत सांगितलं होतं, की कोंबड्यांना काही दिवस खुराड्यातच कोंडून ठेवा, म्हणजे त्यांना ते घर वाटायला लागतं. मी तसं केलं. पाणी आत, दाणा आत, फळी बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी बायकोने फळी उचलली तर एक तलंग कोपऱ्यात मरून पडली होती. बाकीच्यांनी एकावर एक दाटी केली होती आणि ती खाली दबली होती. मामाजींनी ती हातात घेतली, पंख उचलून पाहिले, मान पाहिली. "कमजोर असन," म्हणाले आणि काठी टेकत घरात गेले.

त्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना मी खुराड्याच्या दारातून डोकं आणि खांदे आत घातले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत डोळ्यापुढे धरलेला हात दिसत नव्हता. चुन्याचा आणि विष्ठेचा वास नाकात घुसला. भुई ओलसर होती. बसायला एक दांडी नव्हती. कोंबडीला उंचावर, पायाखाली काहीतरी धरून बसायला हवं असतं. संध्याकाळच्या उजेडातून ती अशा बिळात कशी शिरणार. मी बाहेर आलो, अंगावरची माती झटकली आणि मला सगळं कळलं होतं. भिंतीला वर दोन खिडक्या पाडायच्या, जाळी लावायची, आडवा बांबू टाकायचा, एवढंच काम होतं.

ते मी कोणाला सांगितलं नाही. मामाजींच्या खुराड्यात खोट आहे, असं त्यांच्याच घरचं पहिलं ताट जेवणाऱ्या जावयाने कोणत्या तोंडाने म्हणायचं. बायकोलाही बोललो नाही. तिला कळलं नसेल असं नाही. कोंबड्या पुन्हा मोकळ्या सोडल्या आणि त्या पुन्हा शेवग्यावर गेल्या.

मग मी एक सोय काढली. संध्याकाळी लगेच जायचं नाही. अंधार पडू द्यायचा. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती जागची हलत नाही, पटकन हाती लागते, असं मी घरात सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात, पण खरं कारण ते नव्हतं. अंधारात शेकोटीवरच्या लोकांना मी दिसत नव्हतो. त्यांच्या तोंडावर जाळाचा उजेड असायचा आणि मी शेळ्यांच्या कोठ्याच्या आडून, बॅटरी न लावता, चाचपडत कोंबड्या उतरवायचो. पहिल्या दिवशी तसं केलं तेव्हा किती हलकं वाटलं होतं. मग मी रोज थोडं थोडं उशिरा जायला लागलो.

मामाजी एकदा म्हणाले, "जवाई, लवकर आनत जा. गारीच्या बाजूनं पंजे दिसले म्हनते." गार म्हणजे गावाबाहेरचा ओढा.

"आणतो," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी सपरीत बसून अंधार दाट होण्याची वाट पाहत होतो. सासूबाईंनी चूल पेटवली होती. एकाएकी पलीकडे कवेलू फुटल्याचा आवाज आला, एक नाही, भराभर पाच-सहा, आणि त्यामागोमाग शेळ्यांचा असा ओरडा, की तसा मी कधी ऐकला नव्हता. कोंबड्या फडफडत आमच्या अंगणात येऊन पडल्या. शेकोटीवरची माणसं जळती लाकडं घेऊन धावली. कोणी ताट बडवत होतं, कोणी डबा. बिबट मी पाहिला नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी सांगितलं, की कोठ्यावर बसलेल्या कोंबड्यांसाठी तो वर चढला, जुने कवेलू त्याच्या वजनाने खचले आणि तो सरळ शेळ्यांत पडला. लोक पोचेपर्यंत बाईंची एक पाट तोंडात धरून तो कुंपणावरून गेला. पाट म्हणजे पहिल्यांदाच गाभण राहिलेली तरणी शेळी. बाईंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. हाक मारली की अंगणभर त्यांच्या मागे फिरायची.

मी गेलो तेव्हा अर्धं गाव तिथे जमलं होतं. बॅटऱ्यांच्या उजेडात कोठ्याचं छप्पर मधोमध उघडं दिसत होतं. बाई दारात उभ्या होत्या, उरलेल्या शेळ्या त्यांच्या पायांना चिकटल्या होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "जवाई, तुमच्या कोंबड्यापायी माह्यी पाट गेली."

शेकोटीवर रोज हसणारे सगळे तिथेच होते आणि एकजणही हसत नव्हता. त्यापेक्षा त्यांचं हसणं परवडलं असतं. मी उशीर केला, मुद्दाम केला, तुम्हाला दिसू नये म्हणून केला, हे एवढंच बोलायचं होतं. मी खाली पडलेले कवेलूचे तुकडे पायाने बाजूला सारत राहिलो.

मागून काठीचा आवाज आला. लोक बाजूला झाले. मामाजी पुढे आले, फुटलेल्या छपराकडे पाहिलं, मग बाईंना म्हणाले, "बाई, जवायाले बोलू नका. दोष माह्या हाताचा हाये. खुराडं मी बांधलं. त्यात कोंबडी जातच नाई. मले समजलंच नाई बांधाले. ते बेकार झालं."

ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ज्या माणसाच्या हातची बंडी घ्यायला लोक दुसऱ्या गावांहून यायचे, तो माणूस अर्ध्या गावापुढे म्हणाला, की मला खुराडंही बांधता आलं नाही. मी त्यांच्या मागे उभा होतो. मी पुढे होऊन, नाही मामाजी, असं नाही, एवढंही म्हणालो नाही. एक म्हातारा बाजूच्याला हळूच म्हणाला, "पंच थकले आता." ते मामाजींनीही ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी फारेस्टवाले आले, पंजे पाहिले, कोठा पाहिला, भरपाईचा अर्ज करून घेतला आणि जनावरं-कोंबड्या दिवसाउजेडी आत घ्या, असं सगळ्यांना बजावून गेले. ते गेल्यावर मी बाईंच्या कोठ्यावर चढलो आणि कवेलू बदलायला लागलो. संध्याकाळपर्यंत छप्पर झालं. बाईंनी पाणी आणून दिलं, पण बोलल्या नाहीत.

खाली उतरून घरी आलो तर मामाजी खुराड्यापाशी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन बसले होते.

"जवाई, तुम्ही यात डोकं घालून पाह्यलं होतं ना?"

मी हो म्हणालो. त्यांना कसं कळलं ते विचारलं नाही. माझ्या सदऱ्याला लागलेला चुना सासूबाईंनी धुतला होता.

"काय दिसलं?"

"अंधार हाये लय. हवा नाई. बसाले दांडी नाई."

"मंग काऊन नाई बोल्ले?"

"तुम्हाले वाईट वाटन म्हणून."

त्यांनी सब्बलीच्या टोकावरची माती बोटाने पुसली. मग म्हणाले, "इथी बोल्ले असते तं दोघांत राह्यलं असतं."

त्यांनी सब्बल माझ्या हातात दिली. स्वतःच्या हाताने गुळगुळीत केलेल्या त्या भिंतीला पहिलं भोक मी पाडावं, असं त्यांच्या मनात होतं. मी पाडलं. माती खाली पडली तसं त्यांनी तोंड फिरवलं नाही. कुठे रुंद करायचं, कुठे थांबायचं, ते सांगत राहिले. दोन्ही बाजूंना खिडक्या झाल्या, जाड जाळी आतून तारेने घट्ट केली. गुडघाभर उंचीवर दोन बांबू आडवे बसवले. भुईवर राख आणि कोरडा कोंडा पसरला. बायकोने सपरीतून वायर ओढून आत एक छोटा बल्ब टांगला.

मग नव्याने सवय लावणं सुरू झालं. काही दिवस कोंबड्या आतच ठेवल्या. पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर एकेक उचलून दांडीवर बसवली. बल्ब मंद होता, त्यांना एकमेकी दिसत होत्या, त्यामुळे कोपऱ्यात दाटी झाली नाही. नंतर दिवस बुडायच्या थोड्या आधी, उपाशी असतानाच, त्यांना सोडायला लागलो, म्हणजे त्या लांब जात नसत. बल्ब आधीच लावायचा, कनकी फक्त आत टाकायची, बाहेर दाणा नाही. आणि हाक तीच, "टी टी टी टी". पहिल्यांदा चार-पाच आत गेल्या आणि बाकीच्या शेवग्यावर. मी पुन्हा शिडी घेऊन गेलो. आता उजेड होता आणि शेकोटी पेटलेली होती. सगळे पाहत होते. मी फांदीवर असताना बाई आपल्या घरातून लांब बांबू घेऊन आल्या आणि कोठ्यावरच्या कोंबड्या खालून हुसकायला लागल्या. माझ्याशी बोलत नव्हत्या, कोंबड्यांशी बोलत होत्या. "जा ना वं आपल्या घरी. कायले मरून राह्यल्या इथी."

मामाजी रोज पिढा घेऊन खुराड्याच्या दाराशी बसायचे. मी झाडावरून खाली हुसकायचो आणि ते तिकडून फाटक्या आवाजात हाक द्यायचे. रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे, "काय भाऊ, आता कोंबड्या राखून राह्यले का?" ते हसून म्हणायचे, "काय करता, बांधता आलं नाई तं राखाव लागते." प्रत्येकाला तेच उत्तर. मला दर वेळी ते ऐकू यायचं आणि दर वेळी मी शेवग्यावर असायचो. त्या महिन्यात ग्रामसभा झाली तिला ते गेले नाहीत. पाय दुखतो म्हणाले. सासूबाई चुलीपुढून मला म्हणाल्या, "पाय तं रोजच दुखते." एवढंच म्हणाल्या आणि भाकर थापत राहिल्या.

हळूहळू आत जाणाऱ्या वाढल्या. एकीने दांडीवर चांगली जागा धरली की दुसरी तिच्याशेजारच्या जागेसाठी लवकर यायची. एक लाल तुऱ्याचा कोंबडा मात्र शेवटपर्यंत कोठ्यावरच जायचा. त्याला रोज उचलून आणावं लागलं. मग एके दिवशी मी शिडी उचलायला गेलो आणि शेवग्यावर कोणी नव्हतं, कोठ्यावर कोणी नव्हतं. वाकून खुराड्यात पाहिलं, तर कोंबडा दोन तलंगांच्या मध्ये अंग फुगवून बसला होता. मामाजी म्हणाले, "फळी लावा." मी लावली. आनंद झाला का, तर झाला, पण तो कोणाला दाखवावासा वाटला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर तलंगा अंड्यावर आल्या. पहिली अंडी सासूबाईंनी सुपात भरून माझ्या हातात दिली आणि शेजारी देऊन या म्हणाल्या. बाईंना भरपाई मिळाली होती आणि त्यांनी बाजारातून नवी पाट आणलीही होती. आमचं बोलणंही सुरू झालं होतं, कामापुरतं. त्या अंगणात मोहफुलं पसरत होत्या. मी सूप पुढे केलं आणि इतके दिवस न बोललेलं एकदाचं बोललो.

"बाई, त्या दिवशी मामाजी बोल्ले ते बरोबर नव्हतं. खुराड्याचं मले आधीच माहीत होतं. आन् मी उशीर करत होतो. लोकाईनं पाहू नये म्हणून अंधार पडाची वाट पाहत होतो."

त्यांनी मोहफुलांवरचा हात थांबवला नाही.

"मालूम हाये," त्या म्हणाल्या. "सपरीत बसून राहत होते तुम्ही. माह्या दारातून दिसत होते ना."

"उशिराचं तुम्ही त्या दिवशी काही बोल्ल्या नाई."

"भाऊ बोल्ले ना मंग. त्याईनं एवढं आपल्या अंगावर घेतलं, त्यावर मी काय बोलू. सगळ्याईलेच समजलं होतं जी. कोनाले नाई समजलं?"

म्हणजे मामाजी बोलले तेव्हाच प्रत्येकाला कळलं होतं, की म्हातारा जावयाला पाठीशी घालतो आहे. आणि मामाजींनाही माहीत असणार, की लोकांना कळलं. तरी ते रोज रस्त्याने जाणाऱ्याला तेच उत्तर देत होते, आणि विचारणारे ते खरं धरल्यासारखं ऐकून पुढे जात होते. मी एकटाच ते लपलं आहे असं समजत होतो.

"अंडे तिकडे टोपल्यात ठेवा," बाई म्हणाल्या. "आन् सूप इथी द्या, हे फुलं भरते."

मी अंडी एकेक करून टोपल्यात ठेवली. त्यांनी सूप मोहफुलांनी भरलं, वरून हाताने सारखं केलं आणि माझ्या हातात दिलं. "भाऊले सांगा, मी पाठवले म्हनून," त्या म्हणाल्या. मी घरी येऊन सूप मामाजींपुढे ठेवलं आणि तसं सांगितलं. त्यांनी एक फूल उचलून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "गोड हायेत औंदा." मी त्यांच्याजवळ खाली बसलो. मी मुद्दाम उशीर करत होतो, हे मला त्यांना तेव्हाही सांगता आलं नाही.